ट्रॅक्टर फक्त माझ्याच हाताने चालू होत नाही

सोमवार, ३

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं. पुरावा म्हणून. या घरात तोंडी बोललेलं टिकत नाही. मी म्हणते झालं, बाकीचे म्हणतात झालंच नाही, आणि तीन तोंडं एकीकडे झाली की माझं एक तोंड खोटं पडतं. वही कपाटात, माझ्या कपड्यांच्या खाली.

तर घडलं ते असं. छोटा ट्रॅक्टर सकाळी चालू झाला नाही. या पंधरवड्यात चौथ्यांदा. रोपवाटिकेच्या मागचा तुकडा महिनाअखेरीला तयार हवा. फळझाडांची रोपं पिशव्यांत दोन वर्षं काढून बसली आहेत, मुळं पिशवीच्या आत गोल गोल फिरायला लागलीत. आणखी थांबलो तर ती झाडं जमिनीत लावूनही कामातून जातील. हे घरात सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच नेमकी हीच वेळ साधली.

डिझेल बघितलं, भरपूर. बॅटरीची टोकं घासली. गिअर न्यूट्रलला. क्लच दाबलेला. पीटीओचा दांडा बंद, म्हणजे मागे जोडलेल्या, माती फोडणाऱ्या रोटाव्हेटरला ताकद जात नाही. दिवे लागतात, काटा हलतो, आणि किल्ली फिरवली की स्टार्टरचा साधा ‘टक’सुद्धा नाही. नुसती शांतता. वीस वर्षं मी ट्रॅक्टर चालवते आहे, मला शिकवू नका.

एवढ्यात धाकटा आला. धाकटा म्हणजे माझा दीर, नव्वद किलोचा गडी, चालताना सुद्धा खुर्चीत बसल्यासारखा चालतो. हातात चहाचा कप. कप न ठेवता सीटवर बसला, किल्ली फिरवली, आणि ट्रॅक्टर लगेच धडधडायला लागला!

“काय वहिनी, किल्ली नीट फिरवत नसाल.”

कप फेकून मारला असता, पण तो त्याच्याच हातात होता.

पाच महिन्यांपूर्वी जुनं सीट फाटलं तेव्हा नवं सीट यानेच हौसेने आणलं. तेव्हापासून त्याचा या ट्रॅक्टरवर डोळा आहे. आज संतापाने छातीत अशी धडधड झाली की पायरीवर बसावं लागलं.

मंगळवार, ४

किल्ली आता माझ्याकडे. धाकट्याला सांगितलं, लागली तर माझ्याकडे मागायची. “बरं वहिनी,” म्हणाला, इतक्या गोडीने की माझी खात्रीच पटली.

शिवाय बॉनेटच्या फटीत बारीक काळा दोरा लावून ठेवला. कुणी उघडलं की तुटणार.

आणखी एक. माझी अंगठी सापडत नाही. पिशव्या भरायला येते ती बाई काल माझ्याच शेजारी माती कालवत होती. काही बोलले नाही. नजर ठेवणार.

गुरुवार, ६

दोरा जागेवर. ट्रॅक्टर चालू नाही. म्हणजे हात घालणारा बॉनेट न उघडता घालतो. पक्का आहे.

मिस्त्रीला बोलावलं. आला, पिशवी खाली ठेवली, सीटवर बसला, किल्ली फिरवली. चालू!

मी म्हटलं, “बंद करा. मी बसते.” मी बसले. काही नाही. तो बसला. चालू. असं तीनदा. तिसऱ्यांदा तो हसला आणि म्हणाला, “ताई, तुमच्यावर रुसलाय.” माझा चेहरा बघून हसणं गिळलं आणि फ्यूज तपासत बसला. सगळे फ्यूज ठणठणीत.

जाताना फाटकापाशी आमचे हे आणि मिस्त्री बराच वेळ बोलत होते. मी जवळ गेल्यावर यांनी एकदम विषय बदलला आणि “यंदा थंडी जास्त आहे,” म्हणाले. थंडी? मी घामाने निथळत होते. सगळे स्वेटर घालून फिरतात आणि खिडक्या लावून घेतात. मी उघडते, जाऊबाई लावते. हासुद्धा छळच.

कुठेतरी पाणी मुरतंय.

शनिवार, ८

पिशव्या भरणाऱ्या बाईने अंगठी आणून दिली. म्हणे मातीच्या ढिगात सापडली. “बाई, अंगठीला दोरा गुंडाळा, सैल झालीय.” सैल झालीय! सोनं काय रबर आहे का सैल व्हायला? मी पाळत ठेवली म्हणून घाबरून परत केली, दुसरं काय. तिला तसं बोलून दाखवलं नाही, पण बघितलं मात्र असं की तिला कळावं. ती पुन्हा माती कालवायला बसली.

आज ट्रॅक्टर चालू झाला! मी पुढे वाकून, स्टीअरिंग घट्ट ओढून धरून, रागाने सीटवर आपटून किल्ली फिरवली तेव्हा. अर्धी सरी गेले असेन, रोटाव्हेटरखाली ढेकूळ आलं, गचका बसला आणि इंजिन फटकन बंद. पुन्हा चालू नाही. धाकट्याने राहिलेली सरी संपवली, उरलेले सगळे गचके खाऊन. त्याला एकदाही बंद पडला नाही.

ट्रॅक्टरला माणूस कळतो का? वेडबिड लागायची पाळी आली आहे.

रविवार, ९

दुपारी जेवताना जाऊबाईने माझं ताट आपल्या हाताने वाढलं आणि मी जेवत असताना माझ्याकडे टक लावून बघत बसली. मी दोनदा घेतलं, तिसऱ्यांदा मागितलं तर म्हणते कशी, “ताई, एवढं जेवता, जातं कुठे?”

माझे घास मोजतात आता! मी तिथल्या तिथे ऐकवलं. राबते म्हणून भूक लागते, तुमच्यासारखी पाय वर घेऊन बसत नाही. तिचे डोळे भरून आले. रडणं तिच्या हातातलं हत्यार आहे. खरी गोष्ट अशी की ती हल्ली स्वयंपाकात हात आखडता घेते. त्या अन्नात दम नाही. जेवून उठले की तासाभरात पोटात पुन्हा कावळे.

हे मध्ये पडले. “आपण एकदा शहरात जाऊन येऊ या का? दोघंच. अर्ध्या दिवसाचं काम आहे.”

“कसलं काम?”

“आहे एक.”

यांना तीस वर्षांत खोटं बोलता आलेलं नाही, कान लाल होतात. कान लाल झाले होते. मी म्हटलं, मला कुठल्याही कागदावर सही करायची नाही. “कसला कागद?” म्हणाले. साळसूदपणा बघा! त्यानंतर दोन दिवस बोलायचं नाही असं ठरवलं आहे.

बुधवार, १२

सापडलं.

यांचा शर्ट धुवायला टाकताना खिशात चिठ्ठी मिळाली. यांच्याच अक्षरात. ‘गुरुवार, अकरा वाजता. आधी काही खायचं नाही.’ खाली फोन नंबर आणि दोन रेघा.

उद्या गुरुवार. ट्रॅक्टर बघायला गिऱ्हाईक येतंय, नक्की. आधी मशीन बिघडलंय असं दाखवायचं, मग ‘हिला झेपत नाही’ म्हणायचं, मग विकायचं. रोपवाटिका धाकट्याच्या ताब्यात, मी स्वयंपाकघरात. ‘काही खायचं नाही’ कशासाठी लिहिलंय ते कळत नाही. बहुतेक खुणेचा शब्द.

विचारलं नाही. विचारलं की सावध होतील. लिहितानाही हात थरथरतोय, अक्षर बघून कुणाला वाटेल ऐंशी वर्षांच्या म्हातारीने लिहिलंय.

गुरुवार, १३

सकाळी नऊपासून शेडच्या दारात स्टूल टाकून बसले. किल्ली कमरेला. दुपारी दोनपर्यंत हलले नाही.

साडेनऊला हे आले. इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले. गिऱ्हाइकासाठीच ना! “चल ना जरा माझ्याबरोबर,” म्हणाले.

“मी इथून हलणार नाही.”

“अगं, तासाभराचं काम.”

“इथेच बोलवा त्यांना. माझ्यासमोर होऊ दे काय व्हायचं ते.”

“ते इथे कसे येतील?” असं म्हणाले आणि उभेच राहिले. मग जाऊबाई आली, मग धाकटा आला. तिघं शेडपुढे रांगेत उभे. शेवटी यांनी फोन काढला, लांब जाऊन कुणालातरी म्हणाले, “नाही जमत. पुढची द्या.”

जिंकले मी. कुणीही आलं नाही, ट्रॅक्टर जागेवर आहे. पण जिंकल्यावर माणसाला बरं वाटायला हवं, ते काही वाटलं नाही. उठताना गुडघे असे लटपटले की दाराला धरून उभी राहिले. धाकटा धावत आला हात द्यायला. मी हात झटकला.

शनिवार, १५

शिंपीणबाईकडे गेले होते. गेल्या महिन्यात शिवलेले कपडे ढगळ झाले म्हणून. म्हणते, “मापं तुमचीच आहेत, वहीत लिहिलीत.” वही दाखवली. मग टेप काढून पुन्हा माप घेतलं, वहीत बघितलं, पुन्हा घेतलं. तिने दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं आत घेतली आणि शिलाई घेतली नाही. फुकट काम करणाऱ्या माणसाच्या मनात काय असतं ते मला चांगलं माहीत आहे. यांनी तिलाही गाठलेलं दिसतंय.

सोमवार, १७

आजचं सगळं लिहिते, शब्द न गाळता, कारण उद्या मलाच खरं वाटणार नाही.

रोपांच्या पिशव्या फाटून मुळं बाहेर आली. तेरा दिवस राहिले. मिस्त्रीला पुन्हा बोलावलं आणि सांगितलं, आज मशीनचा काय तो निकाल लावल्याशिवाय इथून जायचं नाही.

तो या वेळी सीटवर बसला नाही. मला बसवलं, स्वतः टेस्ट लॅम्प, म्हणजे तारेत वीज असली की लागणारा छोटा दिवा, घेऊन मागे गेला. एकेक तार बघत गेला. क्लचपाशी दिवा लागला, पीटीओच्या दांड्यापाशी लागला. सीटखाली गेला आणि दिवा लागला नाही.

“ताई, उठा.” उठले. “बसा.” बसले. “जोरात आपटून बसा.” दिवा क्षणभर लागला, विझला.

मग त्याने माझ्या मागे उभं राहून दोन्ही तळव्यांनी सीट खाली दाबलं. “आता फिरवा किल्ली.”

ट्रॅक्टर चालू झाला. लगेच. माझ्या हाताने.

“सापडलं!” मी ओरडलेच. “सीटमध्ये केलंय ना काहीतरी? म्हटलं नव्हतं मी? सीट कुणी आणलं, विचारा त्याला!”

धाकटा, हे, जाऊबाई, सगळे आवाज ऐकून जमले होते. मिस्त्री हात पुसत सांगायला लागला. सीटखाली स्विच असतो. कुणी बसल्याशिवाय इंजिन चालू होऊ नये म्हणून, आणि चालवणारा खाली पडला तर बंद व्हावं म्हणून. जुन्या सीटचा स्विच किती तरी वर्षं गंजून दाबलेलाच राहिला होता, कुणी बसो न बसो, त्याचं काही चालत नव्हतं. नव्या सीटचा चांगला आहे. स्प्रिंग जरा कडक आहे इतकंच.

“म्हणजे स्विच खराब?”

“नाही ताई. स्विच चांगलाच आहे.” तो यांच्याकडे बघायला लागला. “स्विचला सीटवर माणूस बसल्याचं कळत नाहीय.”

मला काही उमजेना. “मी काय भूत आहे का?”

“ताई, तुमचं वजन किती?”

“बाईमाणसाला वजन विचारतोस?”

कुणी हसलं नाही. धाकट्याने सुद्धा नाही, एरवी तो असल्या बोलण्यावर लोळतो. मिस्त्री खाली बघून म्हणाला, “दोन मिनिटांचं काम आहे. दोन तारा एकमेकींना जोडतो, स्विचचा विषयच संपला. जुन्यासारखं होईल. लगेच नांगरायला लागा.”

“जोड,” मी म्हटलं.

“नाही,” हे म्हणाले.

तीस वर्षांत यांनी माझ्या कामात ‘नाही’ म्हटल्याचं मला आठवत नाही. आवाज चढवला नव्हता, पण हे मिस्त्रीच्या आणि सीटच्या मधे येऊन उभे राहिले. “तार जोडायची नाही. ट्रॅक्टरचं काहीही बिघडलेलं नाही. तू घरी जा रे.”

“माझी रोपं मरतील!” मी किंचाळले. “तुम्हाला तेच हवंय ना सगळ्यांना?”

“रोपं मेली तर मेली,” हे म्हणाले, आणि यांचा आवाज फाटला. “पुन्हा लावू.”

मी तशीच तिथून निघून आले. जाताना मनात एकच, बघा, पकडले गेले. दुरुस्ती करू दिली नाही, याहून मोठा पुरावा कुठला?

मंगळवार, १८

पहाटेपासून एकच गोष्ट डोक्यात. ‘माणूस बसल्याचं कळत नाहीय.’

सगळे कामाला लागल्यावर शेडमध्ये गेले. तिथे खताची पोती मोजायचा वजनकाटा आहे. त्यावर उभी राहिले. एक्केचाळीस.

अशक्य. गेल्या वर्षी मी बासष्ट होते. काट्यात काहीतरी केलंय, हे पहिलं मनात आलं. काटा कुणाच्या हाताखाली असतो? धाकट्याच्या.

म्हणून कंपनीची शिवण असलेलं, न उघडलेलं पन्नास किलोचं पोतं ओढत आणलं. ओढताना दोनदा खाली बसले, हे कुणी पाहिलं नाही. कसंबसं काट्यावर चढवलं.

पन्नास. ना मागे, ना पुढे.

पोतं उतरवलं. पुन्हा मी चढले. एक्केचाळीस. पोतं, पन्नास. मी, एक्केचाळीस. असं किती वेळा केलं ठाऊक नाही. नवरा खोटं बोलेल, दीर खोटं बोलेल, शिंपीण खोटं बोलेल. शिवलेलं पोतं कुणाच्या कटात सामील होईल?

त्या पोत्यावरच बसून राहिले. मग हाताकडे बघितलं. मनगटाभोवती अंगठा आणि करंगळी आरामात जुळतात. कधीपासून? मला खरंच माहीत नाही. मी बाकी सगळ्यांवर इतकी नजर ठेवून होते.

भीती वाटली. राग नाही, नुसती भीती. मोठ्याने हाक मारली तर हे अंगणातून धावत आले, एका पायात चप्पल.

मी म्हटलं, “गुरुवारी अकराला कुठे जायचं होतं?”

हे म्हणाले, “डॉक्टरकडे,” आणि पोत्याच्या दुसऱ्या टोकाला टेकले. कान लाल नव्हते.

शनिवार, २२

परवा रक्त दिलं. उपाशीपोटी. आज डॉक्टरीणबाईंनी कागद वाचून दाखवले.

गळ्यातली ग्रंथी वेड्यासारखी धावतेय, थायरॉइड. खाल्लेलं सगळं जाळून टाकते. म्हणून भूक, म्हणून घाम, म्हणून हात थरथरतो. नाडी मिनिटाला एकशेतीसच्या वर. बाईंनी ती दोनदा मोजली. “किती महिने हृदय असं पळतंय तुमचं? ट्रॅक्टर चालवता म्हणे? चालवताना कधी अंधारी आली?”

आली होती. कुणाला सांगितलं नव्हतं. या वहीत सुद्धा लिहिलं नव्हतं, कारण वही सापडली तर त्यांना कारण मिळालं असतं. आज सांगितलं.

“गोळ्यांनी आटोक्यात येईल,” बाई म्हणाल्या. “पण तोपर्यंत ट्रॅक्टर नाही, ओझं नाही.” मग कागदावर खुणा करत सहज विचारलं, “हल्ली चिडचिड होते? माणसांवर संशय येतो?”

“संशय? मला?” मी ताठ झाले. “हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

बाईंनी यांच्याकडे बघितलं. हे छताच्या पंख्याकडे बघायला लागले. खोलीत इतकी शांतता झाली की मलाच हसू फुटलं, आणि हसता हसता ते कधी रडण्यात गेलं ते कळलं नाही. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. त्या म्हणाल्या, काही अंशी तोही या आजाराचाच भाग असतो. काही अंशी. उरलेला माझा स्वतःचा असणार.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसलो. मी विचारलं, “किती वेळा घेतली होती वेळ?”

“चारदा.”

“धाकट्याला ठाऊक होतं?”

“त्यानेच डॉक्टर शोधले. त्याची बायको रोज तुझं जेवण लिहून ठेवत होती. मिस्त्रीला मी सांगितलं होतं, जरा तिच्याकडे बघ, तुला मशीनपलीकडचं काही दिसतं का.”

“म्हणजे कट होताच.”

“होता,” हे म्हणाले. “काय करणार? तुला सामील करून घ्यायची सोय नव्हती.”

 जाऊबाईचे भरलेले डोळे आठवले, आणि ती अंगठी आणून देणारी बाई. दोघींशी बोलायचं आहे. काय बोलायचं ते सुचत नाही, पण बोलायचं आहे. मागच्या तुकड्यात धाकटा आज सकाळपासून रोटाव्हेटर घालतोय. सऱ्या वाकड्याच काढणार तो, मला माहीत आहे. काढू दे.

मग मनात आलं ते विचारूनच टाकलं. “ते जुनं सीट फाटलं नसतं तर?”

“तर काय?”

“मी चालवतच राहिले असते ना? आणि मग?”

 यांनी माझा हात हातात घेतला आणि उतरेपर्यंत तसाच घट्ट धरून बसले. मी सोडवून घेतला नाही.